उलटी अक्षरं

खंडेराव मार्केटात एका अंगाला मेथीच्या जुड्या,
दुसऱ्या अंगाला महानगरपालिका.
दोन्हीकडं सकाळी पाणी मारलं की माल ताजा दिसतो.
मी समोरच्या बोळात बसतो:
सुर्वे रबर स्टॅम्प, दुकान सव्वापाच फूट,
पाटीवर लिप्या तीन, धंदा एकच.
नाव उलटं कोरायचं.

बत्तीस वर्षं या शहराची सत्ता
मी उजवीकडून डावीकडं वाचत आलोय.
अध्यक्ष, स्थायी समिती.
उपाध्यक्ष. प्रभारी. कार्यकारी.
गुजराती अक्षराला डोक्यावर रेघ नसते,
त्यामुळं पदं सुटी सुटी दिसतात,
टोपी काढून रांगेत उभी असल्यासारखी.
मराठी शिक्का आता कोणी मागत नाही,
दांडिया बाजारातलं एक मंडळ सोडलं तर.

निकाल लागला की तिसऱ्या दिवशी गर्दी.
निवडून आलेला स्वतः येत नाही.
येतो भाचा, येतो ड्रायव्हर,
नाहीतर जयवदन शेठची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते.
शेठचं नाव मी आजवर एकाही शिक्क्यावर कोरलेलं नाही
आणि पैसे बहुतेक वेळा तेच देतात.
काच खाली करून म्हणतात, 'बे नंग बनावजो.'
एक ऑफिसात राहील, एक...
वाक्य ते पुरं करत नाहीत.
मीही विचारत नाही.
विचारलं असतं तर दुकान सव्वापाच फूटच राहिलं असतं,
की वाढलं असतं, की गेलंच असतं,
ठाऊक नाही.

निरुपमाबाई शिर्के महिला राखीव वॉर्डातून आल्या
तेव्हा शिक्का न्यायला यजमान आले.
कागदावर उमटवून बघितला, फुंकर मारली,
बायकोचं नाव सुकल्यावर
खिशात घातलं.
पाच वर्षं ते तिथंच होतं.
बाई एकदाच आल्या, मुदत संपल्यावर.
म्हणाल्या, तो शिक्का मिळेल का, घरी ठेवायला?
तो तर साहेबांकडं असेल, मी म्हणालो.
हो ना, म्हणाल्या,
आणि शाईची डबी विकत घेऊन गेल्या.

पडलेल्यांचे शिक्के परत येतात.
रबर खरवडतो, मूठ ठेवतो.
सागाची मूठ चार-चार माणसांना पुरते.
एकीवर अंगठ्याचा खळगा पडलाय,
कुणाचा ते आता सांगता येत नाही.
नवा माणूस अंगठा बरोबर तिथंच ठेवतो.

परवा मंछाबेन आली,
भिंतीला लागून लिंबं-मिरच्या मांडणारी.
चाळीस पाथरणावाल्यांना उठवायची नोटीस तिच्या हातात,
खाली गोल शिक्का, शाई इतकी
की सही करणारा माणूस आत बुडालेला.
तीन टेबलं फिरली. चौथ्यावर विचारलं,
अर्ज आहे, पण तुमचा शिक्का कुठंय?

'शिक्को बनावी आपो, काका.'
संस्थेचं नाव?
संस्था नव्हती. सकाळी अकरापर्यंत नव्हती.
तिनं मागं वळून सुनेला विचारलं,
कोथिंबीरवाल्या पोराला विचारलं,
आणि सांगितलं: मार्केट भिंत पाथरणा संघ.
पद?
पैसे अक्षरावर ना?
हो.
मग पद नको.

ती खळग्याची मूठ मी तिला लावून दिली.
अंगठा तिनं भलतीकडंच ठेवला.
पैसे लिंबांत घेतले.

चौथ्या टेबलानं अर्ज घेतला म्हणे,
उठून उभं राहून घेतला.
खुर्ची मोडकी असेल.
नोटीस अजून आहे. लिंबंही आहेत.

काल जयवदन शेठ आले, पहिल्यांदाच पायी.
दुकानात मावले नाहीत, उंबऱ्यावर थांबले.
हवापाणी विचारलं, मुलाची नोकरी विचारली,
मग हळूच:
त्या नव्या संघाचा साचा असेलच ना?
एक नंग आपल्याकडंही असावा.

मी खण उघडले, डबे उपडे केले,
संध्याकाळपर्यंत साचा शोधत राहिलो.
सापडेना.
हातातच होता.